क्षितिजाच्या कोनातून पृथ्वी मोजणारे अल्लामा अल-बिरूनी

मी शाळेत भूगोल शिकवते. पुस्तक मराठीत असतं आणि मुलांच्या घरात उर्दू, दखनी, कोकणी असं सगळं मिसळून बोललं जातं. मागच्या वर्षी सातवीच्या वर्गात 'क्षितिज' शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, टीचर, आमच्या दादीजान याला उफुक म्हणतात. वर्ग हसला आणि ती बिचारी खाली बसली. मी तिला पुन्हा उभं केलं. म्हटलं, तुझी दादी बरोबर आहे. हजार वर्षांपूर्वी एका माणसाने याच उफुककडे पाहून अख्खी पृथ्वी मोजली होती, त्याची गोष्ट ऐका.

त्या दिवशी तास संपला तरी गोष्ट संपली नाही. तीच आज इथे लिहून काढते आहे. आपल्या घरांत अल-बिरूनींचं नाव ठाऊक असतं, शाळांच्या भिंतीवर त्यांचं चित्रही दिसतं. पण त्यांनी नेमकं केलं काय, असं विचारलं तर बहुतेक जण मोठे सायन्सदान होते एवढंच सांगतात. त्यांचं काम समजून घ्यायला आपल्या मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातले आठ-दहा शब्द पुरतात. अक्षांश, रेखांश, क्षितिज, गाळ, जीवाश्म, भरती-ओहोटी. चला, एकेक शब्द घेत त्यांच्या आयुष्यातून जाऊ.

अक्षांश : काथ शहरातला सतरा वर्षांचा मुलगा

पूर्ण नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरूनी. जन्म ४ सप्टेंबर ९७३, हिजरी सन ३६२. गाव काथ, ख्वारिज्म प्रांताची त्या वेळची राजधानी. आज हा भाग उझबेकिस्तानात येतो. आमू दर्याच्या काठचा हा प्रदेश, नदीच्या पाण्यावर जगणारा आणि दोन्ही बाजूंनी वाळवंटाने घेरलेला. फारसीत 'बीरून' म्हणजे बाहेर. शहराच्या बाहेरच्या वस्तीतले म्हणून ते बिरूनी.

त्यांना उस्ताद चांगले मिळाले. अबू नस्र मन्सूर इब्न इराक हे ख्वारिज्मच्या राजघराण्यातले, आणि त्या काळातले नावाजलेले गणिती. त्यांनी या मुलाला भूमिती आणि आकाशाचं गणित शिकवलं. पुढे आयुष्यभर दोघांचं नातं टिकलं. उस्तादांनी शिष्याच्या नावाने पुस्तकं लिहिली, असं फार थोड्यांच्या नशिबात येतं.

सतराव्या वर्षाच्या सुमारास बिरूनींनी आपल्या शहराचा अक्षांश काढला. उर्दूत याला अर्ज-ए-बलद म्हणतात. पद्धत बघा, किती साधी आहे. भर दुपारी सूर्य आकाशात सगळ्यात उंच येतो, तेव्हा तो जमिनीपासून किती अंशांवर आहे हे मोजायचं. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे हे कोष्टकातून घ्यायचं. या दोन आकड्यांतून आपण विषुववृत्तापासून किती दूर आहोत ते कळतं. काथ ४१ आणि ४२ अंश उत्तर यांच्यामध्ये पडतं. आज मोबाईल उघडला की हा आकडा दिसतो. त्या पोराने तो सावली, कोन आणि वजाबाकीवर मिळवला.

रेखांश : दोन शहरं आणि एक ग्रहण

९९५ मध्ये ख्वारिज्ममध्ये सत्तेसाठी लढाई झाली. गुरगंजच्या अमीराने काथचं राजघराणं उलथवलं. उस्तादांचंच घराणं ते. बावीस वर्षांच्या बिरूनींना गाव सोडून पळावं लागलं आणि तोवर केलेली बरीचशी मापनं, उपकरणं मागे राहिली. काही दिवस ते रै शहरात, म्हणजे आजच्या तेहरानजवळ, हलाखीत राहिले. तिथल्या एका पंडिताने त्यांचे फाटके दिवस बघून त्यांची खिल्ली उडवली. पुढे बिरूनींची परिस्थिती सुधारली तेव्हा तोच माणूस गोड बोलायला लागला. बिरूनींनी हा किस्सा आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. गरिबाच्या तोंडून आलेली खरी गोष्ट लोकांना खोटी का वाटते, हा प्रश्न त्यांना बोचला असणार.

याच रै शहरात खुजंदी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने डोंगरावर एक प्रचंड उपकरण बांधलं होतं. त्याच्या मोजमापात थोडी चूक आली होती. बिरूनी त्याला भेटले, सगळं समजून घेतलं आणि चुकीचं कारणही नोंदवलं. बांधकाम स्वतःच्याच वजनाने थोडं खचलं होतं. पुढे उपकरण कितीही मोठं असो, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, ही सवय बिरूनींच्या कामात कायम दिसते.

मग आला रेखांश, तूल-ए-बलद. अक्षांश सूर्यावरून निघतो, रेखांश तसा निघत नाही, कारण पृथ्वी फिरत असते. दोन शहरांच्या रेखांशातला फरक काढायचा तर दोन्हीकडची वेळ एकाच क्षणी कळायला हवी. घड्याळं नाहीत, फोन नाही. करायचं काय? चंद्रग्रहण हा आकाशातला एकच क्षण, तो सगळीकडे एकदमच दिसतो. बिरूनींनी बगदादचे थोर गणिती अबुल वफा यांच्याशी पत्रव्यवहाराने ठरवून घेतलं. २४ मे ९९७ च्या ग्रहणाच्या वेळी अबुल वफा बगदादेत आणि बिरूनी काथमध्ये आकाशाकडे बघत होते. दोघांनी आपापली स्थानिक वेळ नोंदवली. फरक निघाला सुमारे एक तासाचा. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, त्यामुळे दोन शहरांमधला फरक हाती आला.

अबुल वफा तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या आसपास, बिरूनी तेविशीतले. वयाचं अंतर मोठं आणि वाट शेकडो मैलांची. पुढच्या वर्षी अबुल वफा वारले. आपली मुलं 'प्रमाणवेळ' हा धडा वाचतात तेव्हा ही जोडी त्यांना जरूर सांगा.

तख्तीवरचा कोन

पुढची काही वर्षं बिरूनी जुरजानच्या दरबारात होते. इसवी सन १००० च्या सुमारास तिथे त्यांनी वेगवेगळ्या कौमांच्या कॅलेंडरांवर, सणांवर मोठा ग्रंथ लिहिला, 'अल-आसार अल-बाकिया'. यहुदी, ख्रिस्ती, पारशी, सोग्दी, अरब, सगळ्यांचे महिने आणि वर्षं त्यात आहेत. याच काळात तरुण इब्न सीनांशी त्यांची पत्रांतून वैज्ञानिक चर्चा झाली आणि ती चांगलीच तिखट होती. मग ते ख्वारिज्मला परतले, नव्या अमीराच्या दरबारात मान मिळाला. पण १०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकलं आणि तिथल्या विद्वानांना आपल्याबरोबर गझनीला नेलं. त्यात बिरूनी होते. वय चव्वेचाळीस. स्वतःच्या मर्जीने गेले असं म्हणता येणार नाही.

त्यानंतरच्या वर्षीची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. ऑक्टोबर १०१८ मध्ये ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. मन खचलेलं, हाताशी एकही उपकरण नाही. तरी त्यांना त्या जागेचा अक्षांश हवा होता. त्यांनी हिशोबाची तख्ती घेतली, तिच्या मागच्या बाजूला वर्तुळाचा कंस आखला, अंशांच्या खुणा केल्या आणि दोरीला वजन बांधून ओळंबा केला. झालं उपकरण तयार! त्यावर दुपारच्या सूर्याची उंची मोजली.

आमच्या लहानपणी मुलतानी मातीने पुसलेली लाकडी तख्ती घराघरात होती. तिच्या पाठीवर आकाश मोजता येतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आता मी दरवर्षी मुलांकडून पुठ्ठ्याचा असा कोनमापक करून घेते. दोरा, एक नट आणि कंपासपेटीतला कोनमापक, एवढ्यात होतो.

क्षितिज : नंदनाच्या डोंगरावर

आता उफुककडे येऊ.

आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबात, झेलम जिल्ह्यात, मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे. डोंगराच्या दक्षिणेला सपाट मैदान पसरलेलं. बिरूनी तिथे पोचले तेव्हा त्यांच्या मनात जुनं एक काम राहून गेलेलं होतं. तरुणपणी जुरजानच्या बाजूच्या एका मैदानात पृथ्वीचा एक अंश मोजायचा त्यांनी प्रयत्न केला होता. पण त्यासाठी माणसं आणि पैसा लागतो, ते काही मिळालं नाही.

ही जुनी पद्धत खलिफा मामून यांच्या काळातली, नवव्या शतकातली. सिंजारच्या सपाट मैदानात दोन तुकड्या निघाल्या, एक उत्तरेकडे, एक दक्षिणेकडे. ध्रुवाची उंची एका अंशाने बदलेपर्यंत जमीन मोजत चालत राहायचं. त्यांना एका अंशाला सुमारे ५६ अरबी मैल मिळाले. मेहनतीचं काम, उन्हातान्हातलं.

बिरूनींनी चालायचं कामच काढून टाकलं. आधी डोंगराची उंची काढली. खालच्या मैदानात दोन ठिकाणांहून शिखराचा उन्नत कोन मोजला की उंची निघते, हे आपली दहावीची मुलं त्रिकोणमितीत करतात. उंची भरली ६५२ हातांपेक्षा किंचित जास्त. मग ते वर चढले आणि क्षितिजाकडे पाहिलं. पृथ्वी सपाट असती तर नजर सरळ समतल रेषेत गेली असती. पण गोल असल्यामुळे क्षितिज थोडं खाली दिसतं. हा अवनत कोन त्यांनी मोजला. सुमारे ३४ मिनिटं, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासा जास्त. आकाशात पौर्णिमेचा चंद्र जेवढा रुंद दिसतो, जवळजवळ तेवढाच.

आता एक कागद घ्या. एक वर्तुळ काढा, ती पृथ्वी. वर्तुळाबाहेर अगदी जवळ एक बिंदू, ते डोंगराचं शिखर. शिखरापासून वर्तुळाला नुसती टेकणारी रेषा काढा, ती तुमची नजर. जिथे टेकते ते क्षितिज. क्षितिज, शिखर आणि पृथ्वीचं केंद्र जोडलं की काटकोन त्रिकोण होतो, आणि डोंगरावर मोजलेला कोन नेमका केंद्रापाशी येतो. उंची ठाऊक, कोन ठाऊक, मग त्रिज्या गणिताने निघते. बिरूनींना मिळाली सुमारे १ कोटी २८ लाख हात. त्यावरून एका अंशाला पुन्हा ५६ मैलांच्या आसपासच आकडा आला. एकटा माणूस, एक डोंगर, दोन-तीन कोन, आणि उत्तर मामूनच्या अख्ख्या मोहिमेशी जुळणारं.

इथे एक शिक्षिका म्हणून थोडं थांबून बोलते. व्हॉट्सअॅपवर फिरतं की बिरूनींचं उत्तर आजच्या आकड्याशी अगदी तंतोतंत, थोड्याच किलोमीटरच्या फरकाने जुळतं. असं ठासून सांगू नका. त्यांचा 'हात' आजच्या किती सेंटीमीटरचा धरायचा यावर किलोमीटरचा आकडा बदलतो. शिवाय क्षितिजाजवळ हवेतून येणारा प्रकाश वाकतो, त्याने कोन थोडा चुकतो, आणि ही दुरुस्ती त्या हिशोबात नव्हती. स्वतः बिरूनींनीही फुशारकी मारली नाही. आपला आकडा मामूनच्या लोकांच्या जवळ आला याचं समाधान मानलं आणि त्यांची उपकरणं अधिक बारीक होती म्हणून त्यांच्याच आकड्याला जास्त वजन दिलं. त्यांचं मोठेपण सांगायला अचूकतेची अतिशयोक्ती लागत नाही. पद्धत पुरेशी मोठी आहे.

हे सगळं त्यांनी 'तहदीद' या ग्रंथात लिहिलं, तो १०२५ मध्ये पूर्ण झाला. शहरांची जागा नेमकी ठरवण्याचं हे पुस्तक. त्यामागची एक गरज आपल्या रोजच्या जगण्यातली होती. गझनीहून किब्ला नक्की कोणत्या दिशेला? त्यासाठी गझनीचे आणि मक्केचे अक्षांश-रेखांश हवेत आणि गोलावरचं गणित हवं. दिशा अंदाजाने धरायची त्यांची तयारी नव्हती. या ग्रंथाचं एकच जुनं हस्तलिखित उरलं आहे, इस्तंबूलमध्ये. ते एक हरवलं असतं तर काय काय गेलं असतं, विचार करा.

गाळ आणि जीवाश्म : दगडाने सांगितलेली हकीकत

'तहदीद'मध्ये पृथ्वीच्या मापाबरोबर पृथ्वीच्या वयाचाही विचार आहे. अरबस्तानच्या वाळवंटात विहिरी, हौद खणताना मातीचे, वाळूचे, गोट्यांचे थर लागतात आणि दगड फोडले की आत शिंपले सापडतात. बिरूनींनी याचा सरळ अर्थ लावला. जिथे आज वाळू आहे, तिथे कधी काळी समुद्र होता. जमीन आणि पाणी आपापल्या जागा बदलतात, पण इतक्या सावकाश की माणसाच्या आठवणीत ते बसत नाही. त्यांच्या स्वतःच्या आमू दर्याने जुनं पात्र सोडून नवं धरलं होतं, हेही त्यांनी मांडलं. आपल्या पुस्तकात ज्याला 'जीवाश्म' म्हणतात, ते त्यांनी पुरावा म्हणून वाचलं.

पुढे हिंदुस्तानात आल्यावर त्यांनी इथल्या मैदानाचाही विचार केला. नदीचं कार्य हा धडा आठवा. खनन, वहन, संचयन. डोंगरातून उतरताना नदीला वेग असतो, ती मोठे धोंडे ओढते. उतार कमी झाला की धोंडे मागे राहतात, गोटे पुढे जातात. आणखी पुढे वाळू, आणि मुखाजवळ मऊ गाळ. बिरूनींनी हेच लिहून ठेवलं. डोंगराजवळ दगड मोठे आणि गोल, लांब गेलं की लहान, समुद्राजवळ वाळू. दगड गोल का? कारण पाण्याने घासलेत. त्यावरून त्यांनी ठरवलं की हे सगळं मैदान एके काळी समुद्र असलं पाहिजे आणि नद्यांच्या गाळाने ते भरत आलं.

आजचं विज्ञान या मैदानाची हकीकत जरा वेगळी सांगते. हिमालय वर उचलला गेला तेव्हा त्याच्या पायथ्याशी लांबच लांब खोलगट भाग तयार झाला आणि तो नद्यांनी आणलेल्या गाळाने भरला. समुद्राच्या तपशिलात फरक आहे. पण हे मैदान गाळाचं आहे, नद्यांनी बांधलेलं आहे, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी हातातल्या गोट्यावरून ओळखलं.

भरती-ओहोटी : ठाण्यापर्यंत आलेली लेखणी

हिंदुस्तानवरचा त्यांचा ग्रंथ 'किताब-उल-हिंद' म्हणून ओळखला जातो. तो १०३० च्या सुमारास पूर्ण झाला. त्यासाठी पंचेचाळिशी गाठत आलेला हा माणूस संस्कृत शिकायला बसला. व्याकरण अवघड, उच्चार जिभेला न वळणारे, हस्तलिखितांत लेखनिकांच्या चुका. तरी पंडितांसमोर शागीर्द होऊन बसले. पतंजलीच्या योगसूत्रांवरचा ग्रंथ अरबीत आणला.

आपल्या वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल. या ग्रंथात त्यांनी रस्त्यांची आणि अंतरांची लांबलचक यादी दिली आहे. धार शहरातून दक्षिणेकडे येणाऱ्या वाटेवर 'मरहट्ट देश' येतो आणि तिथून पुढे २५ फरसखांवर कोकण प्रांत. त्याची राजधानी 'ताना', समुद्रकाठी. म्हणजे आपलं ठाणं! ते स्वतः इथवर आले नाहीत, त्यांचा वावर उत्तर-पश्चिमेकडचा. पण प्रवाशांना विचारून विचारून आपल्या मुलखाची नोंद त्यांनी केली.

पावसासाठी त्यांनी इथलाच शब्द लिहिला, वर्षाकाल. काही भागांत तो आषाढात सुरू होतो आणि चार महिने धो धो चालतो हे नोंदवलं. मुलतानच्या लोकांनी त्यांना सांगितलं की आमच्याकडे वर्षाकाल नसतो. तेव्हा डोंगर कुठे आहेत, ढग कुठे अडतात, याच्याशी त्यांनी त्याची सांगड घातली. मोसमी वारे आणि पर्जन्यछाया शिकवताना मी हेच उदाहरण देते.

आणि समुद्र. भरती-ओहोटीचा चंद्राशी संबंध इथले जाणकार लोक कसा लावतात, चंद्राच्या उगवण्या-मावळण्यावरून रोजची वेळ आणि त्याच्या कलांवरून महिन्याचं मान कसं सांगतात, हे त्यांनी लिहिलं. भरती आणि ओहोटीसाठी त्यांनी अरबी लिपीत जे देशी शब्द टिपले, ते अभ्यासकांनी 'भरणा' आणि 'वुहारा' असे वाचले आहेत. मोठ्याने म्हणून बघा. भरणा, भरती. वुहारा, ओहोटी. कानाला ओळखीचे वाटतात की नाही? अरबीत 'मद्द' आणि 'जझर' हे शब्द त्यांच्याकडे होतेच. तरी त्यांनी इथल्या माणसाला विचारलं की तुम्ही याला काय म्हणता. आमच्या कोकणातल्या मच्छीमारांच्या घरात मुलगा सातवीत जायच्या आधीच उधाण आणि भांग हे शब्द शिकलेला असतो. बिरूनी त्याच्या वडिलांकडे वही घेऊन बसले असते.

ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याबद्दलही खरं

एक गोष्ट टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. बिरूनी हिंदुस्तानात आले ते महमूदच्या स्वाऱ्यांच्या काळात, त्याच्या राज्याचा माणूस म्हणून. हे लिहायला अवघड वाटतं, पण लिहायलाच हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी स्वतः ते लपवलं नाही. या स्वाऱ्यांनी देशाची भरभराट उद्ध्वस्त झाली, लोक विखुरले, त्यांच्या मनात परक्यांविषयी तीव्र तिटकारा बसला आणि इथली विद्या दूर, काश्मीर-बनारसकडे निघून गेली, असं त्यांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच मांडलं. हे लिहिणारा माणूस गझनीत, महमूदच्याच घराण्याच्या आश्रयाला राहत होता.

दुसऱ्याच्या धर्माबद्दल लिहिताना त्यांनी ठरवलं होतं की ते लोक स्वतः जे मानतात ते त्यांच्या ग्रंथांतून जसंच्या तसं सांगायचं, वाद घालायचा नाही. कुठे पटलं नाही तर पटलं नाही म्हणाले, इथल्या विद्वानांच्या काही सवयींवर टीकाही केली. पण न वाचता, न विचारता लिहिलं नाही. आज शेजाऱ्याविषयी आपण किती बोलतो आणि त्याला किती विचारतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

रैहानाचे प्रश्न, सोन्याचं वजन

१०२९ मध्ये त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिलं, 'तफहीम'. ते रैहाना बिन्त हसन या तरुणीच्या विनंतीवरून लिहिलेलं. प्रश्न आणि उत्तर अशी त्याची मांडणी आहे. रेषा म्हणजे काय इथपासून सुरू होऊन आकाशापर्यंत जातं. अरबी आणि फारसी दोन्ही भाषांत ते मिळतं. मुलींच्या शिक्षणावर भाषण करण्यापेक्षा मी पालकसभेत या पुस्तकाचं नाव घेते.

महमूदनंतर मसऊद सुलतान झाला. त्याला अर्पण केलेला 'कानून-ए-मसऊदी' हा खगोलशास्त्राचा प्रचंड ग्रंथ. सुलतानाने बक्षीस म्हणून हत्तीवर चांदी लादून पाठवली आणि बिरूनींनी ती खजिन्यात परत केली, असं जुने चरित्रकार सांगतात.

म्हातारपणी त्यांनी रत्नांवर आणि धातूंवर पुस्तक लिहिलं, 'अल-जमाहिर'. त्याआधीच त्यांनी खनिजांचं विशिष्ट गुरुत्व मोजायला एक भांडं बनवलं होतं. शंकूसारखं, बाजूला खाली वळलेली नळी. भांडं नळीपर्यंत पाण्याने भरायचं, आत धातू सोडायचा, नळीतून बाहेर पडेल तेवढं पाणी तोलायचं. सोनं पाण्याच्या सुमारे १९ पट जड, पारा साडेतेरा पट. खरं माणिक कुठलं आणि तसाच दिसणारा दुसरा खडा कुठला, हे रंगावर न जाता वजनावर कळतं. बाजारातल्या माणसालाही उपयोगी पडणारी विद्या.

शेवटचा प्रश्न

त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या पुस्तकांची यादी केली, ती ११३ भरली. त्यानंतरही ते लिहीत राहिले. शेवटचं पुस्तक औषधी वनस्पतींचं, तेव्हा नजर आणि कान दोन्ही मंदावले होते. आज त्या ढिगातली मोजकीच पुस्तकं शिल्लक आहेत.

गझनीतच, १०५० च्या सुमारास, त्यांचा इंतकाल झाला. शेवटच्या घडीची एक हकीकत जुन्या चरित्रकारांनी दिली आहे. एक फकीह भेटायला आले. बिरूनींचा श्वास लागला होता. त्या अवस्थेत त्यांनी वारसाहक्कातल्या एका किचकट मसल्याबद्दल विचारलं, आजीच्या वाट्याचा प्रश्न होता तो. पूर्वी कधीतरी दोघांचं त्यावर बोलणं झालं होतं. पाहुण्यांना कणव आली, अशा वेळी हे कशाला, असं त्यांनी सुचवलं. बिरूनींचं म्हणणं होतं की हा मसला न कळता दुनिया सोडण्यापेक्षा कळून सोडलेली बरी. फकीहांनी समजावून सांगितलं, त्यांनी ते घोकून परत म्हणून दाखवलं. पाहुणे घराबाहेर पडून वाटेत होते, तोवर मागून रडण्याचा आवाज आला.

त्यांच्या जन्मगावाच्या जागी आज बेरुनी नावाचं शहर आहे. चंद्रावरच्या एका विवरालाही त्यांचं नाव आहे. ज्याच्या ग्रहणावरून त्यांनी दोन शहरांमधलं अंतर काढलं, त्याच चंद्रावर.

पालकांना एकच विनंती. मुलाचं भूगोलाचं पुस्तक आज रात्री उघडा. क्षितिज आलं की उफुक सांगा, बेट आलं की जझिरा, भूकंप आला की झलझला, अक्षांश आला की अर्ज-ए-बलद. दोन शब्द आले म्हणून मूल गोंधळत नाही, त्याला एकाच गोष्टीकडे बघायच्या दोन खिडक्या मिळतात. आणि सुट्टीत नदीवर गेलात तर एक गोटा उचलून त्याच्या हातात द्या. हा गोल का झाला, एवढंच विचारा. उत्तर लगेच सांगू नका.

ती मागच्या बाकावरची मुलगी आता आठवीत आहे. परवा तिने पुठ्ठ्याच्या कोनमापकाने शाळेच्या टाकीची उंची मोजली. आकडा थोडा चुकला. तिने पुन्हा मोजला.